ऑल्ट दाबून टॅब मारलं की आत नेमकं काय होतं

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, एक-चौदाचे (आमच्याकडचा सातबारा) उतारे काढून देणं, पासपोर्ट फोटो, असलं सगळं. दोन वर्षांमागे मी एका जत्रेच्या नाटकाच्या हँडबिलाच्या ५०० प्रती चुकीच्या तारखेने छापल्या. फाइल बरोबर होती हो, बरोबर फाइल उघडीसुद्धा होती, फक्त मी प्रिंट मारलं तेव्हा समोर ती नव्हती, समोर होती गेल्या वर्षाची, तोच रंग, तीच देवीची प्रभावळ, तीच बॉर्डर, फक्त तारीख वेगळी आणि तालीम मास्तरांचं नाव वेगळं. कमिटीचे खजिनदार आले, एक प्रत उचलली, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "हें कितें केलें तुवें?"

तेव्हा मला वाटलं घाईत टॅब एकदा जास्त दाबलं गेलं. नंतर शांतपणे बसून हे ऑल्ट-टॅब प्रकरण, म्हणजे कीबोर्डवरून एका विंडोतून दुसरीत जायची ही बटणं, समजून घेतलं तेव्हा कळलं की उलटंच झालं होतं, टॅब एकदा कमी पडलं होतं. कसं ते पुढे सांगतोच. पण रोज दिवसातून शेकडो वेळा आपण जे दाबतो ते काय आहे हे वीस वर्षं कोणी मला सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

आधी एक घोळ मोकळा करूया. लोकांना वाटतं ऑल्ट-टॅब मारलं की एक प्रोग्रॅम थांबतो आणि दुसरा चालू होतो. तसं नाही. कम्प्युटरमध्ये उघडलेले सगळे प्रोग्रॅम चालूच असतात, प्रत्येकाला प्रोसेसरच्या वेळातला सेकंदाचा एक बारीकसा तुकडा वाटून मिळत असतो, याला थोडा, त्याला थोडा, आणि ते इतकं भराभर चालतं की आपल्याला सगळे एकदम चालल्यासारखे वाटतात. म्हणूनच तुम्ही कोरल ड्रॉमध्ये, म्हणजे पत्रिका-हँडबिलं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये, काम करताना मागे ब्राउझरात लावलेलं नाट्यगीत बंद पडत नाही. ते वाटप ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः करते, आपल्याला विचारत नाही. ऑल्ट-टॅबने फक्त दोनच गोष्टी बदलतात: स्क्रीनवर सगळ्यात वर कोणाची विंडो, आणि कीबोर्डवर दाबलेलं अक्षर कोणाकडे जाणार. बस. या दुसऱ्या गोष्टीला फोकस म्हणतात आणि निम्मे अपघात तिथेच होतात.

आता मुख्य भाग. स्क्रीनवर उघड्या असलेल्या विंडो या एका ओळीत मांडलेल्या नसतात, त्या एकावर एक असतात, पत्त्यांच्या कॅटसारख्या. टास्कबारवर त्या ओळीत दिसतात म्हणून आपला गैरसमज होतो. विंडोज आतमध्ये हा कॅट सतत लावून ठेवतं, कोण वर, कोण त्याच्याखाली, कोण तळाला, आणि त्या क्रमाला झेड-ऑर्डर म्हणतात. शाळेतल्या आलेखात एक्स आडवा, वाय उभा, तर झेड म्हणजे कागदातून तुमच्या डोळ्याकडे येणारी दिशा, म्हणून झेड. तुम्ही ज्या विंडोवर क्लिक केलं ती कॅटातून निघते आणि सगळ्यात वर येते, बाकीच्यांचा आपापसातला क्रम तसाच राहतो.

ऑल्ट-टॅब हा त्या कॅटाचा खेळ आहे. ऑल्ट दाबून एकदाच टॅब मारलं आणि सोडलं तर वरून दुसरं पान काढून सगळ्यात वर ठेवलं जातं. परत एकदा केलं तर? आता दुसऱ्या नंबरावर आधीचं पहिलं पान आहे, तेच परत वर येतं. म्हणजे कितीही वेळा सुटंसुटं दाबा, दोनच विंडोंमध्ये हेलकावे खाणार, फेरीबोट रायबंदर-चोडण करते तसं, तिसऱ्या धक्क्याला कधी लागणारच नाही. तिसरं पान पाहिजे असेल तर ऑल्ट धरून ठेवायचं आणि टॅब दोनदा मारून मगच ऑल्ट सोडायचं. ऑल्ट सोडलं त्या क्षणी निर्णय होतो, तोपर्यंत तुम्ही फक्त बघताय. हे वाचून विश्वास बसत नसेल तर नोटपॅड, कॅल्क्युलेटर आणि ब्राउझर या क्रमाने उघडा आणि करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

तर माझ्या हँडबिलाचं काय झालं. मी कोरल आणि नव्या प्रूफची पीडीएफ यांच्यात ये-जा करत होतो, एक टॅब इकडे, एक टॅब तिकडे, हाताला सवय झालेली. मध्येच खजिनदारांचा फोन आला की गेल्या वर्षी देणगीदारांची नावं कशी टाकली होती ते बघून सांग. मी गेल्या वर्षाची पीडीएफ उघडली, वाचून दाखवलं, ऑल्ट-टॅब मारून कोरलला परत आलो, एक काना-मात्रा दुरुस्त केली. आता कॅट कसा होता? सगळ्यात वर कोरल, त्याखाली गेल्या वर्षाची पीडीएफ, आणि नवी पीडीएफ गेली तिसऱ्या नंबरावर. माझ्या हाताला हे कोणी सांगितलं नव्हतं, त्याने सवयीने एक टॅब मारलं. दोन मारायला हवी होती.

या पद्धतीला शेवटी वापरलेलं आधी असं म्हणता येईल, आणि ती मूर्खासारखी नाही, उलट बऱ्यापैकी हुशार आहे. माणूस एका वेळी बहुतेक दोन-तीन गोष्टींतच ये-जा करतो, बिल बघून आकडा टाकायचा, आधार कार्ड बघून नाव टाइप करायचं, तर या दोन-तीन गोष्टी आपोआप वर राहतात आणि सकाळी उघडून विसरलेलं हवामान तळाला जातं. गोंधळ होतो तो मध्ये तिसरं कोणी घुसलं की. म्हणून माझा स्वतःपुरता नियम असा की फोन आला, गिऱ्हाईक मध्ये बोललं, काहीही व्यत्यय आला, की पुढचं ऑल्ट-टॅब न बघता मारायचं नाही, ऑल्ट धरून डोळ्यांनी बघायचं आणि मगच सोडायचं.

मिनिमाइझचं वेगळंच. वरच्या कोपऱ्यातल्या आडव्या रेघेवर क्लिक करून विंडो खाली पाठवली की ती कॅटात तळाला जाते. काही लोकांना दर वेळी विंडो मिनिमाइझ करायची सवय असते, टेबल आवरल्यासारखं वाटतं त्यांना, आणि मग ऑल्ट-टॅब मारलं की भलतंच काहीतरी येतं म्हणून तक्रार करतात. कॅट तुम्हीच पिसलात, मग पत्ता हवा तसा कसा येईल.

आता हे सगळं फक्त विंडोजचं नाही आणि कालपरवाचंही नाही. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात एका वेळी एकच प्रोग्रॅम असायचा, हिशेब लिहिता लिहिता पत्र लिहायचं असेल तर हिशेबाचा प्रोग्रॅम बंद करा, पत्राचा उघडा. १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला, चित्रांचा, माउसचा, पण त्यातही एका वेळी एकच मोठा प्रोग्रॅम चालायचा. मग मॅकिंटॉश बनवणाऱ्या टीममधलाच अँडी हर्ट्झफेल्ड, जो तोपर्यंत ॲपल सोडून बाहेर पडला होता, त्याने १९८५ मध्ये स्विचर नावाची छोटी युटिलिटी, म्हणजे मदतनीस प्रोग्रॅम, लिहिली. तिने मेमरीचे भाग पाडून त्यात एकापेक्षा जास्त प्रोग्रॅम एकदम ठेवायची सोय केली, आणि एकातून दुसऱ्यात जाताना अख्खा स्क्रीन बाजूला सरकत जायचा, जसा रंगमंचावर सरकता पडदा. स्विचर ज्या मॅकवर चालायची त्यात मेमरी होती ५१२ केबी. केबी, एमबी नव्हे. आज माझ्याकडे गिऱ्हाईक पेनड्राइव्हवर जो पासपोर्ट फोटो आणतं तो एकटाच त्याहून मोठा असतो. १९८७ मध्ये ॲपलने मल्टिफाइंडर आणलं आणि स्विचरचं काम सिस्टिममध्येच आलं.

विंडोजकडे ऑल्ट-टॅब जुनंच आहे, पण १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये ते मधोमध एक छोटी पट्टी दाखवायचं, एका वेळी एकच नाव, टॅब मारत राहा, नाव बदलत राहील. सेटिंगच्या फाइलमध्ये या सोयीचं नाव होतं कूलस्विच, आणि मला हे नाव फार आवडतं, ज्याने ठेवलं त्याला स्वतःच्या कामाचा आनंद झाला असणार. १९९५ ला टास्कबार आला आणि ऑल्ट-टॅबमध्ये सगळ्या प्रोग्रॅमांचे आयकॉन ओळीने दिसायला लागले. आमच्या गोव्यात बऱ्याच घरांत पहिला कम्प्युटर आला तो त्यानंतर, अकरावीच्या पोरांना सायबरएज योजनेतून मिळायला लागला तेव्हा, आणि घरात आई-बाबांना कम्प्युटर शिकवणारी ती पहिली पिढी. ऑल्ट-टॅब मात्र त्या पोरांनी आई-बाबांना शिकवलं नाही, कारण बाबा खोलीत आले की गेम लपवायला तेच लागायचं.

आयकॉनच्या जागी विंडोचं छोटं चित्र दिसायला लागलं ते विंडोज व्हिस्टापासून. यामागे जे बदललं ते मोठं आहे आणि त्यावर थोडा वेळ घालवतो. त्याआधीच्या विंडोज एक्सपीपर्यंत सगळे प्रोग्रॅम थेट स्क्रीनवर रंगवायचे. एक भिंत, सगळे त्याच भिंतीवर चित्र काढणार. तुमच्या विंडोवर दुसरी विंडो आली की खाली झाकलेलं चित्र पुसलं गेलं, कुठेच शिल्लक नाही. वरची विंडो हटली की विंडोज खालच्या प्रोग्रॅमला सांगायचं, अरे तुझा एवढा भाग उघडा पडलाय, परत रंगव. आणि तो प्रोग्रॅम अडकलेला असेल तर रंगवणार कोण? म्हणून एक्सपीवर अडकलेल्या प्रोग्रॅमवरून दुसरी विंडो फिरवली की तिचे शंभर ठसे उमटायचे, शेणाने सारवल्यासारखी स्क्रीन व्हायची, आठवतंय का? आम्ही पोरं मुद्दाम करायचो.

व्हिस्टाने डेस्कटॉप विंडो मॅनेजर आणला. आता प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचा वेगळा कागद, तो मेमरीत आपल्या कागदावर रंगवतो, आणि हा मॅनेजर सगळे कागद घेऊन एकावर एक ठेवून स्क्रीनवर दाखवतो. झाकलेला कागद कोराच राहत नाही, पूर्ण चित्र त्याच्याकडे असतं. म्हणून ऑल्ट-टॅबमध्ये तोच कागद छोटा करून दाखवणं सोपं झालं, आणि ते चित्र जिवंत असतं, व्हिडिओ चालू असेल तर त्या छोट्या चौकटीतही हलताना दिसतो. प्रोग्रॅमने विंडोजच्या निरोपांना ५ सेकंद काहीच उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याच्या जागी एक फिकट पांढरी नक्कल उभी करतं आणि वर लिहितं की प्रतिसाद देत नाही. ती नक्कल म्हणून तुम्ही अडकलेल्या प्रोग्रॅमची विंडोसुद्धा बाजूला सरकवू शकता. व्हिस्टाने विंडोज की आणि टॅब दाबल्यावर विंडोंची तिरपी माळ दाखवणारं फ्लिप थ्री-डी पण दिलं होतं, दिसायला झकास, कामाला शून्य. विंडोज ८ मध्ये गेलं, कोणी रडलं नाही. आता त्याच बटणांवर टास्क व्ह्यू आहे.

बरं, यादीत कोण येतं आणि कोण येत नाही, हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. विशेषतः असा: "मी चार फाइली उघडल्या आणि ऑल्ट-टॅबमध्ये एकच दिसते, बाकीच्या खंय गेल्या?" त्याचं उत्तर असं की ऑल्ट-टॅबला फाइली कळत नाहीत, विंडो कळतात. काही प्रोग्रॅम एका मोठ्या विंडोच्या पोटात सगळ्या फाइली ठेवतात, जुना पेजमेकर, कोरल, फोटोशॉप. त्यांची बाहेरून एकच विंडो. त्यांच्या पोटातल्या फाइलींत फिरायला कंट्रोल-टॅब, ऑल्ट-टॅब नव्हे. वर्डने २००० च्या आवृत्तीपासून प्रत्येक फाइलीला स्वतंत्र विंडो दिली आणि एक्सेल मात्र २०१३ पर्यंत एका पोटात सगळ्या वह्या घेऊन बसलं होतं, म्हणून जुन्या ऑफिसवाल्याचा आणि नव्या ऑफिसवाल्याचा अनुभव वेगवेगळा असतो आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर भांडत असतात. ब्राउझरचे टॅब म्हणजे पण पोटातल्याच फाइली. अपवाद असा की ऑक्टोबर २०२० च्या विंडोज १० अपडेटपासून एज ब्राउझरचे टॅब ऑल्ट-टॅबच्या यादीत वेगवेगळे दाखवायची सोय आली. कोणाला ते आवडतं, माझ्यासारख्याला गर्दी वाटते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात मल्टिटास्किंग, तिथे किती टॅब दाखवायचे किंवा अजिबात नको ते ठरवता येतं.

उलटा प्रश्नही असतो, की विंडो तर शंभर असतात मग सगळ्या का दिसत नाहीत. खरंच असतात. घड्याळाच्या बाजूचे छोटे प्रोग्रॅम, कोरलच्या रंगांच्या पेट्या, न दिसणाऱ्या कामाच्या विंडो, या सगळ्या विंडोजच्या हिशेबात विंडोच. ऑल्ट-टॅब त्यातून चाळणी लावतं. जी दिसत नाही ती बाद. जिने स्वतःवर मी नुसतं हत्यार आहे असा शिक्का मारून घेतलाय ती बाद, रंगांच्या पेट्या अशा जातात. जी दुसऱ्या विंडोच्या मालकीची आहे, म्हणजे प्रिंटचा डायलॉग वगैरे, तिच्यासाठी वेगळं घर मोजत नाहीत, एका कुटुंबाचं एकच रेशनकार्ड तसं त्या मालक विंडोच्या कुटुंबातून एकच नाव यादीत. आणि नव्या विंडोजमध्ये काही ॲप बंद केल्यावरही आत झोपून राहतात, त्यांच्या विंडो तांत्रिकदृष्ट्या दृश्य असतात पण त्यांच्यावर एक पडदा टाकलेला असतो. विंडोजच्या स्वतःच्या ऑल्ट-टॅबला तो पडदा ओळखता येतो. पण एखाद्याने घरी बसून स्वतःचा स्विचर, म्हणजे ऑल्ट-टॅबसारखा प्रोग्रॅम, लिहिला आणि हे तपासायला विसरला, की त्याच्या यादीत सेटिंग्ज आणि कॅल्क्युलेटर भुतासारखे उभे राहतात, उघडले नसताना. माझ्या भाच्याने कॉलेजच्या प्रोजेक्टला असा स्विचर लिहिला होता आणि तीन रात्री तो या भुताच्या मागे होता, शेवटी कारण हेच निघालं.

मॅकवर तर यादी विंडोंची नसतेच, प्रोग्रॅमांची असते. कमांड-टॅब मारलं की दहा वर्ड फाइली उघड्या असल्या तरी वर्डचा एकच आयकॉन, आणि त्याच प्रोग्रॅमच्या विंडोंत फिरायला कमांड धरून टॅबच्या वरची ती तिरक्या टिचकीची (`) की. लिनक्सच्या नोम नावाच्या डेस्कटॉपमध्येही साधारण तेच, पण तिथे कीबोर्डच्या सेटिंगमध्ये विंडो बदला असा वेगळा शॉर्टकट लावता येतो. मॅकवाले म्हणतात हे जास्त शिस्तीचं, मला नाही पटत, डीटीपीवाल्याच्या डोक्यात प्रोग्रॅम नसतो, कोणाची पत्रिका चालू आहे ते असतं.

आणि म्हणूनच वेगळ्या युटिलिटी जन्माला येतात. कॅटात पाच-सहा पानं असेपर्यंत ऑल्ट-टॅब उत्तम आहे. लग्नसराईत माझ्याकडे संध्याकाळी पंचवीस-तीस विंडो असतात, सगळ्या पत्रिका लाल-सोनेरी, सगळ्यांवर गणपती, छोट्या चित्रावरून ओळखणार काय कपाळ? तिथे बघून शोधण्यापेक्षा नाव टाइप करून शोधणं सोपं. विंडोजवर स्विचरू नावाची फुकट युटिलिटी आहे, ऑल्ट आणि स्पेसबार दाबलं की यादी उघडते, नावातली दोन-तीन अक्षरं मारली की यादी गाळली जाते, एंटर मारलं की ती विंडो समोर. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज नावाच्या युटिलिटींच्या संचातल्या रनमध्येही हे आहे, विंडो वॉकर नावाचा भाग, लहान-पेक्षा चं चिन्ह मारून नाव टाइप करायचं. मॅकवर ऑल्टटॅब नावाचं ओपन सोर्स ॲप आहे, ते विंडोजसारख्या सुट्या विंडो दाखवतं. लिनक्सवर रोफी. क्रोममध्ये फक्त टॅब शोधायचे असतील तर कंट्रोल-शिफ्ट-ए.

पण या सगळ्या युटिलिटी शोधतात कुठे? विंडोच्या वरच्या पट्टीतल्या नावात. आणि ते नाव येतं तुमच्या फाइलीच्या नावावरून. म्हणजे तुमच्या फाइलींची नावं अनटायटल्ड-१, न्यू, न्यू न्यू, फायनल, फायनल फायनल, अशी असतील तर जगातला कोणताही स्विचर तुम्हाला वाचवू शकत नाही. मी आता फाइल उघडली की रेघ मारायच्या आधी तिला नाव देतो: आडनाव, गाव, काम, वर्ष. वर्ष तर नक्कीच, कारण सांगायला नको. आणि नाव इंग्रजी अक्षरांत देतो, कारण देवनागरीत दिलं तर शोधतानाही आधी कीबोर्ड मराठीवर न्यावा लागतो आणि घाईत ते होत नाही. मराठीवरचं प्रेम पत्रिकेच्या आत दाखवावं, फाइलीच्या नावात नको, हे माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या.

कीबोर्डवरून आठवलं, मराठी टाइप करणाऱ्यांचा एक खास त्रास आहे जो इंग्रजीवाल्यांना कधी कळणार नाही. डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून सोडलं की कीबोर्ड मराठीतून इंग्रजीत जातो. आणि ऑल्ट-टॅब उलट्या दिशेने फिरवायला ऑल्ट-शिफ्ट-टॅब. आता ऑल्ट-शिफ्ट दाबलं, टॅब मारायच्या आधी मन बदललं आणि सोडलं, की भाषा बदलली आणि तुम्हाला पत्ताही नाही, पुढचं वाक्य रोमन अक्षरांत उमटणार. दुसरी भानगड अशी की विंडोज ७ पर्यंत प्रत्येक प्रोग्रॅमची भाषा वेगळी लक्षात राहायची, वर्डमध्ये मराठी असेल आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी तर ऑल्ट-टॅब मारल्यावर आपोआप बदलायचं. विंडोज ८ पासून मुळात सगळ्यांना एकच भाषा, जिथे जाल तिथे तीच. जुनी पद्धत हवी असेल तर टायपिंगच्या ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्जमध्ये प्रत्येक ॲपच्या विंडोला वेगळी भाषा वापरू द्या अशा अर्थाचा चौकोन आहे, त्यावर टिक करा. मी टिक केलंय. ज्या दिवशी केलं त्या दिवशी चहा जास्त गोड लागला.

फोकस चोरणं हा पुढचा विषय. तुम्ही खाली बघून टाइप करताय, मध्येच कुठल्यातरी प्रोग्रॅमची अपडेटची विंडो उडी मारून समोर येते, तुम्ही वाक्य संपवून एंटर मारता, आणि ते एंटर त्या विंडोला लागतं, आत्ता रीस्टार्ट करू का, हो. माझे असे दोन पानांचे नाटकाचे संवाद गेले आहेत. तुम्हाला वाटेल विंडोज हे होऊच कसं देतं, तर विंडोज ९८ आणि २००० पासून याला कुलूप आहे. तुम्ही एका विंडोत काम करत असाल तर मागचा प्रोग्रॅम स्वतःहून पुढे येऊ शकत नाही, त्याचं टास्कबारवरचं बटण नुसतं लुकलुकतं. या कुलपाची ठरलेली मुदत २ लाख मिलिसेकंद, म्हणजे २०० सेकंद, साडेतीन मिनिटांच्या आत. तेवढा वेळ तुम्ही कशाला हात लावला नाही की कुलूप उघडतं. आणि पळवाटाही आहेत, उदाहरणार्थ पुढे असलेल्या प्रोग्रॅमने स्वतः दुसरा उघडला तर तो पुढे येऊ शकतो. हाच नियम स्विचर युटिलिटीलाही लागतो, पण तिचं बटण तुम्ही नुकतंच दाबलेलं असतं, म्हणजे शेवटचा हात तुम्ही तिलाच लावलेला, म्हणून तिला परवानगी मिळते.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. स्विचरू लावल्यावर अधूनमधून ते मरून पडल्यासारखं व्हायचं, बटण दाबा, काही नाही. मग लक्षात आलं की समोर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून, म्हणजे जास्त अधिकार देऊन, चालवलेला प्रोग्रॅम असला कीच असं होतं. व्हिस्टापासून विंडोजचा नियम आहे की साध्या दर्जाच्या प्रोग्रॅमने वरच्या दर्जाच्या प्रोग्रॅमच्या कीबोर्डमध्ये कान घालायचा नाही, नाहीतर कोणीही पासवर्ड ऐकेल. नियम योग्यच आहे. उपाय एवढाच की युटिलिटीलाही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचं, पण ते फक्त ज्या युटिलिटीवर तुमचा खरंच विश्वास आहे तिच्याच बाबतीत करा.

आणि ऑल्ट-टॅब हळू चालतं म्हणणाऱ्यांसाठी: ते हळू नसतं. मेमरी भरली की विंडोज बराच वेळ न वापरलेल्या प्रोग्रॅमचा पसारा उचलून डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये नेऊन टाकतं, माळ्यावर भांडी टाकावी तसं, आणि तुम्ही त्या प्रोग्रॅमवर आलात की ते सगळं परत उतरवावं लागतं. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर तेवढ्यात कामत आण्णांकडून चहा सांगून येतो. ४ जीबी रॅमवर फोटोशॉप, कोरल आणि ब्राउझर एकत्र चालवणाऱ्याला कोणताही शॉर्टकट शिकवून उपयोग नाही, रॅम वाढवा आणि एसएसडी लावा, मी लावली.

राहिले खजिनदार. नवीन हँडबिलं मी माझ्या पैशाने छापून दिली, ते ठीक, पण तेव्हापासून प्रूफ फोनवर बघायला ते तयार नाहीत, स्वतः येऊन माझ्या खुर्चीत बसतात. वय झालं, बोटं थरथरतात, ऑल्ट धरून ठेवता येत नाही, मध्येच सुटतं आणि भलतंच उघडतं. त्यांना मी कंट्रोल-ऑल्ट-टॅब दाखवलं. तिन्ही एकदा दाबून सोडून दिलं तरी यादी स्क्रीनवर तशीच थांबते, बाणांच्या बटणांनी सावकाश फिरायचं, पाहिजे तिथे एंटर. आता ते यादी उघडतात, एकेका चित्रावर बोट ठेवून वरचं नाव मोठ्याने वाचतात, वर्ष दोनदा वाचतात, आणि एंटर मात्र मला मारायला लावतात.